नऊ काड्यांचा ॲन्टेना

काल संध्याकाळी यंदाची पहिली आंधी आली. पाचच्या सुमारास वारा एकदम पडला, पान हलेना, आणि समोरच्या तिवारीण बाईंनी वर आभाळाकडे बघून वाळत घातलेले कपडे भराभर ओढायला सुरुवात केली. पश्चिमेकडून आधी पिवळा, मग विटकरी रंग चढत आला. मी खिडक्या लावेपर्यंत दातांखाली रेती करकरायला लागली होती. पुण्याच्या माझ्या जावेला हे फोनवर सांगितलं की ती विचारते, "वादळ का गं?" वादळ कसलं! वादळाबरोबर पाऊस तरी येतो. आंधी कोरडी असते, तिला फक्त माती लागते, आणि ती आमच्याकडे चंबळच्या घळींत हवी तेवढी आहे.

अर्ध्या तासात ती निघून गेली आणि मी सवयीने छतावर गेले. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला गच्ची नसते, छत असतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझं मराठी सुधारायला नको. टाकीचं झाकण उडून कोपऱ्यात पडलं होतं ते बसवलं आणि चारी बाजूंना पाहिलं. माधवगंजच्या सगळ्या छतांवर मातीचा थर होता आणि एकाही छतावर माणूस नव्हता. साहजिकच आहे. डिशची ताटली भिंतीला आवळून बसवलेली असते, आणि हल्ली तीही कोण बघतं, सगळं फोनवर येतं. पण माझ्या लहानपणी आंधी ओसरल्यावर पाच मिनिटांत अख्खा मोहल्ला छतावर असायचा, कारण घरोघरचा ॲन्टेना भलतीकडे तोंड करून बसलेला असायचा. मंडळी पाइप धरून उभी, आणि वरून खाली, खालून वर हाका. "आया?" "नहीं." "अब?" "थोड़ा और." "बस, बस. गया." दिवेलागणीपर्यंत हे चालायचं. शेजारच्या घरातलं 'आया' ऐकून आपला ॲन्टेना थांबवण्याचा घोटाळाही व्हायचा, आणि मग दोन घरांत आठवडाभर अबोला.

काल त्या रिकाम्या छतांकडे बघताना मला उगाच भरून आलं. आंधीनंतरची ती शांतता मला कधीच ठाऊक नव्हती.

आणि योगायोग म्हणा, आज सकाळी रेवाचा फोन. रेवा माझी मुलगी, गेली चार वर्षं अमेरिकेत एका लहानशा गावात असते. नवं घर घेतलंय, त्याला उतरतं छप्पर आहे, आणि तिथे म्हणे अजूनही लोक छपरावर ॲन्टेना लावून हवेतून येणारी चॅनेलं फुकट बघतात. मला आधी खरंच वाटेना. "आई, इथे पचास तरह के मिळतात," ती म्हणाली. "कोणी म्हणतं साठ मैलवाला घ्या, कोणी म्हणतं दीडशे. चपटा, गोल, काड्यांचा. समझ में ही नहीं आ रहा. तू फिजिक्सवाली आहेस, तू सांग." रेवा अशीच बोलते, वाक्य मराठीत निघतं आणि हिंदीत पोचतं. मी पूर्वी टोकायची. आता मीही तिच्याशी तशीच बोलते.

एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत लहरी शिकवल्या. फळ्यावर वेटोळी काढली, लांबी मोजायला लावली, परीक्षेत तोच प्रश्न पुन्हा पुन्हा घातला. तरी आज रेवाला उत्तर देताना माझ्या तोंडून जे निघालं ते पुस्तकातलं नव्हतं. मी तिला विचारलं, टॉवर कुठे आहे, मध्ये काय आहे, आणि मागे काय आहे. ती म्हणाली, मागे कशाला बघायचं? मला हसू आलं, कारण माझ्या बाबांनीही कुलश्रेष्ठजींना हेच विचारलं होतं.

कुलश्रेष्ठजींचं जयेंद्रगंजात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आत गेलं की तारांना कथलाची झाळ लावल्याचा वास यायचा आणि उघडं पोट घेऊन पडलेले रेडिओ सगळे एकदम खरखरत असायचे. बाकीचे दुकानदार ॲन्टेना भाजीसारखा विकायचे, हा घ्या, ताजा आहे. कुलश्रेष्ठजी गिऱ्हाइकाला आधी घरी पाठवायचे. "पहले छत दिखाइए, फिर एंटीना बताऊँगा," एवढं म्हणून ते पुन्हा डोळ्याला भिंग लावत. ते स्वतः छत बघायला येत, आणि आल्यावर चहा होईपर्यंत चारी दिशांना बघत उभे राहत. आमच्या आईला वाटलं होतं, यांना कोणीतरी मुलीसाठी घर बघायला पाठवलंय.

आमच्या छतावर कुलश्रेष्ठजींना यावं लागलं ते नानांमुळे. नाना म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. शहराच्या लष्कर भागातल्या एका शाळेत ते कवायत मास्तर होते आणि निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी घर कवायतीवरच चालवत होते. पाणी प्यायला बोलवायचं तरी 'सावधान'च्या आवाजात. त्यांच्यापुढे बाबा फार बोलत नसत. बाबा बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. हात इतका बारीक की पूल, नाले, बंधारे सगळं पेन्सिलीच्या एका केसात बसवतील. पण नानांच्या लेखी त्यांचा मुलगा लहानपणापासून कवायतीत कच्चा होता, आणि नानांच्या डोक्यात एकदा बसलेला शेरा पुसला जायचा नाही. बापलेक एकाच घरात राहून एकमेकांशी आईमार्फत बोलायचे. "त्याला सांग, छत्री न्यायला." "नानांना विचार, औषध घेतलं का."

आमचं आडनाव उंबरडोहकर. ग्वाल्हेरात हे आडनाव घेऊन जगणं हा एक व्यायाम आहे. शाळेत हजेरी घेणाऱ्या बाई 'उम्बर' म्हणून थांबायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. पोस्टमन आम्हाला 'उम्बरकर साहब' म्हणायचा. उंबरडोह हे वाईच्या पलीकडे, कृष्णेच्या काठावरचं लहानसं गाव. सात पिढ्यांपूर्वी आमचा कोणी पूर्वज तिथून फौजेबरोबर निघाला, उत्तरेत आला आणि परत गेलाच नाही. त्याच्यानंतर आमच्यापैकी कोणीही ते गाव पाहिलेलं नव्हतं. नानांनीही नाही. दर वर्षी जायचं ठरायचं. एका वर्षी आत्याचं लग्न, एका वर्षी आजीचं दुखणं, मग नानांचे गुडघे. पण रोज सकाळी सूर्यनमस्कार झाले की नाना छताच्या दक्षिणेच्या कठड्याशी जायचे आणि हात जोडून उभे राहायचे. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, तिकडे तोंड करून हात जोडू नयेत, असं आईचं म्हणणं. नाना म्हणायचे, "यम नंतर. आधी गाव."

इथल्या जुन्या मराठी घरांतून हे असं असतंच. आम्ही पराठे खातो, भाजीला सब्जी म्हणतो, दिवाळीला गुजिया करतो, आणि न पाहिलेल्या गावाला 'आपलं' म्हणतो. रेवा लहान असताना मला विचारायची, आपण कुठले? मी माझ्या माहेरचं उंबरडोहच सांगायची. ती म्हणायची, "पण आपण तर ग्वालियरचे आहोत ना?" तिलाही खोटं पाडता येत नसे.

त्या वर्षी मी सातवीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. उन्हाळा नेहमीसारखाच भाजणारा. दुपारी दारांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, टट्ट्या लावून त्यांवर पाणी मारायचं, त्या ओल्या वासात सतरंजीवर लोळायचं, बेलाचं सरबत प्यायचं. आमच्याकडे नुकताच काळा-पांढरा टीव्ही आला होता. शहरात टॉवर उभा राहून फार दिवस झाले नव्हते. दुकानदाराने टीव्हीबरोबर तीन काड्यांचा ॲन्टेना दिला होता आणि त्यावर सगळं 'डबल' यायचं. बातम्या देणाऱ्या बाईंच्या उजव्या खांद्यामागे त्यांचीच एक फिकट बहीण बसलेली असायची आणि तीही ओठ हलवायची. क्रिकेटमध्ये एका वेळी दोन चेंडू पडायचे. आम्हाला त्याची सवय झाली होती. आई म्हणायची, एका पैशात दोन माणसं दिसतात, तक्रार कसली.

मग मे महिन्याच्या सुरुवातीला साताऱ्याहून पत्र आलं. नानांचा तिकडे एक लांबचा भाऊबंद होता, कधी न भेटलेला. दिवाळीला पत्र पाठवायचं, एवढीच ओळख. त्याने लिहिलं होतं की अमुक जुन्या मराठी सिनेमाचं शूटिंग उंबरडोहला झालं होतं, त्यात आपला घाट आणि देऊळ दिसतं, आणि पेपरात आलंय की तो सिनेमा या महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी टीव्हीवर दाखवणार आहेत. त्या काळी रविवारी दुपारी दिल्लीहून एकेका भाषेचा सिनेमा पाळीपाळीने दाखवायचे. मराठीची पाळी येईपर्यंत आम्ही आसामी, उडिया, कन्नड असं सगळं बघून घ्यायचो.

नानांनी ते पत्र तीनदा वाचलं. मग चष्मा काढून ठेवला आणि आईला म्हणाले, "त्याला सांग, डबल नको. मला एक गाव बघायचं आहे, दोन नाहीत." त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि उजवाही धूसर व्हायला लागला होता. ते तसं बोलून दाखवत नव्हते, पण ताटातली मिरची आता बोटाने चाचपून बाजूला काढायचे. पुढच्या वेळी मराठीची पाळी येईल तेव्हा हाच सिनेमा लागेल असं थोडंच होतं? हा एक रविवार होता. आम्हाला सगळ्यांना ते कळत होतं.

म्हणून बाबा जयेंद्रगंजात गेले आणि कुलश्रेष्ठजी आमच्या छतावर आले. त्यांनी विचारलं, टॉवर कुठे, मध्ये काय, मागे काय. टॉवर आमच्या पश्चिमेला. मध्ये एका सिनेमागृहाची उंच आंधळी भिंत. मागे कशाला, असं बाबांनी विचारल्यावर, मागे म्हणजे टॉवरची दिशा सोडून जे काही उंच आहे ते, असं म्हणून कुलश्रेष्ठजींनी उत्तरेकडे बोट केलं. तिथे किल्ला होता. ग्वाल्हेरात किल्ला असतोच, कोणत्याही गल्लीच्या टोकाला मान वर केली की दिसतो, म्हणून तो आहे हे आमच्या ध्यानातच राहत नाही. कुलश्रेष्ठजींचं म्हणणं असं की टॉवरवरून निघालेलं चित्र दोन वाटांनी येतंय. एक सरळ, भिंतीला अडखळत. दुसरं त्या एवढ्या थोरल्या कड्यावर आपटून, जरा उशिराने. ती उशिराने पोचणारी म्हणजेच बातम्यांवाल्या बाईंची बहीण.

"तीन डंडी वाला सबकी सुनता है," ते म्हणाले. "आपको नौ डंडी वाला चाहिए. वो सिर्फ़ एक की सुनेगा." टांग्याच्या घोड्याला झापडं लावतात तसं. काड्या जितक्या जास्त, तितका ॲन्टेना समोरचंच बघतो. हेच मी आज रेवाला सांगितलं. मैलांचे आकडे वाचू नकोस, आधी छपरावर उभी राहा, किती लांबून यायचंय आणि वाटेत कोण आडवं येतंय ते बघ. ती म्हणाली, "इतकं सिंपल?" मी म्हटलं, सोपं आहे, फक्त छपरावर उभं राहायला वेळ लागतो.

नऊ काड्यांचा तो ॲन्टेना कुलश्रेष्ठजींनी दुकानात स्वतः बनवला. ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून, मोजून, एका लांब पट्टीवर बसवून. दहा फुटी पाइपावर चढवून तो उभा केला तेव्हा आजूबाजूच्या छतांवरून लोक बघायला लागले. आणि नानांनी खालून खुर्चीतूनच हुकूम सोडला, "दक्षिणेला."

बाबांनी त्यांना कागदावर काढून दाखवलं. सिनेमा डब्यात बंद होऊन दिल्लीला जातो, दिल्लीहून वर उपग्रहावर, तिथून आपल्या टॉवरवर, आणि टॉवर पश्चिमेला आहे.

"डबा कुठून जातो?" नानांनी विचारलं.

"मुंबईहून."

"मग मी तेच तर म्हणून राहिलो आहे," नाना म्हणाले. "मराठी सिनेमा देशाकडूनच, दक्षिणेकडूनच येणार. दिल्लीत कोण मराठी बसलंय?"

बाबांनी कागदाची घडी केली. त्या संध्याकाळी ॲन्टेना पश्चिमेला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाडांना पाणी घालायला वर गेले तर त्याचं तोंड दक्षिणेला. मला वाटलं, वारा. पण वारा नव्हता. तिसऱ्या दिवशी मी लवकर उठले आणि जिन्याच्या दाराआडून पाहिलं. नानांचे सूर्यनमस्कार झाले, मग ते पाइपापाशी गेले, दोन्ही हातांनी जोर लावून तो फिरवला, आणि ॲन्टेना उंबरडोहकडे वळल्यावर मागे सरकून हात जोडले. दुखऱ्या गुडघ्यांनी ते एवढा जिना चढत होते. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बाबांनी पाइप परत फिरवला. दोन आठवडे हे असं चाललं. सकाळी दक्षिण, संध्याकाळी पश्चिम. दोघांनी एकमेकांना एका शब्दाने विचारलं नाही, आणि मीही आईला सांगितलं नाही. आज वाटतं, त्या घरात त्या दोघांचं तेवढंच बोलणं होत होतं.

कुलश्रेष्ठजी पुन्हा आले तेव्हा त्यांनी पाइपाचा शिकंजा बघून भुवया उंचावल्या. पाइप कठड्याला आवळून धरणारी ती लोखंडी पट्टी. हा इतका फिरवू नका, चूड़ी घिस जाएगी, म्हणजे आतले आटे झिजतील, असं त्यांनी बजावलं. मग ॲन्टेना पश्चिमेकडे लावून बघितला, तरी पडद्यावर बहीण होतीच. फिकट झाली होती, पण होती. कुलश्रेष्ठजींनी चहा घेतला, बराच वेळ किल्ल्याकडे बघितलं आणि टॉवरकडून तोंड फिरवून ॲन्टेना सरळ उत्तरेला वळवला. खालून आईची हाक आली, "आलं. एकच आलं." भिंतीला अडखळत येणारं सरळ चित्र त्यांनी सोडून दिलं होतं आणि किल्ल्यावर आपटून येणारं धरलं होतं. "टॉवर को छोड़िए, किले से लीजिए," ते म्हणाले. मी पुढे आयुष्यभर परावर्तन शिकवलं, पण वर्गात ते मला कधी इतकं खरं वाटलं नाही.

नानांना हे अजिबात पसंत पडलं नाही. गाव दक्षिणेला आणि तोंड उत्तरेला, ही कुठली रीत. ते सकाळी चढून पाइप फिरवतच राहिले.

मी उंबरडोहला अजून गेलेली नाही. आता जाणं अवघड नाही. जावेकडे पुण्याला तर वर्षातून एकदा जातेच. एकदा फोनवरच्या नकाशात ते गाव शोधलं, बोटांनी मोठं मोठं करत नेलं. नदीचं वळण आलं, शेतांचे चौकोन आले, छपरं दिसायला लागली आणि मी फोन पालथा ठेवला. रेवाच्या बाबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. का बघवलं नाही ते सांगायचं तर त्या रविवारचं सांगावं लागतं.

शनिवारी संध्याकाळी आंधी आली. त्या मोसमातली सगळ्यांत मोठी. ओसरल्यावर आम्ही वर धावलो तर पाइप आडवा पडलेला. ॲन्टेना शाबूत होता, शिकंजा तुटला होता. बाबांनी तो हातात घेऊन बघितला. आतले आटे पार झिजून गुळगुळीत झाले होते. मी ते बघितलं, आणि जिना चढून धापा टाकत आलेल्या नानांनीही बघितलं. बाबांनी शिकंजा खिशात घातला आणि म्हणाले, "आंधीनं तुटला." कुलश्रेष्ठजी आग्र्याला लग्नाला गेलेले, आणि रविवारी दुकानं बंद. सुतळीने बांधून पाहिलं तर वाऱ्याच्या एका झोतासरशी पाइप फिरायचा.

रविवारी नानांनी एक वाजताच काळी टोपी आणि शाळेतला काळा कोट घातला. त्या मेच्या उन्हात. टीव्हीसमोर खुर्ची ओढून ताठ बसले. बाबांनी डोक्यावर ओला पंचा बांधला, आईने लूचा गरम वारा बाधू नये म्हणून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कांदा घातला, आणि पाइप तापतो म्हणून एक ओलं पोतं दिलं. बाबा छतावर जाऊन, पाइपाला पोतं गुंडाळून, तो दोन्ही हातांनी किल्ल्याकडे धरून उभे राहिले. मी जिन्याच्या वळणावर, जिथून टीव्हीही दिसायचा आणि वर हाकही जायची. आई खोलीत. "आलं?" "आलं." मग पुढचा तासभर वरून काही आवाज आला नाही. लूचा तेवढा. मी मधूनमधून वर डोकावून बघायची. बाबा हलत नव्हते.

सिनेमाची गोष्ट मला आठवत नाही. एक बाई घागर घेऊन चालत होती, चालत होती, आणि एकाएकी पाणी आलं. काळ्या दगडांचा घाट, ओल्या पायऱ्या, वर देवळाच्या शिखराचा तुकडा. आई म्हणाली, "नाना, हाच." नाना उठले. गुडघ्यांवर हात न ठेवता उठले आणि पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या टोपीने अर्धं चित्र झाकलं. त्यांचा एक हात पडद्याच्या काचेपाशी गेला, पण त्यांनी तो लावला नाही. ती बाई खाली उतरत होती. नाना पाठ न वळवता म्हणाले, "त्याला बोलाव."

आई म्हणाली, ते सोडतील तर चित्र जाईल.

"जाऊ दे," नाना म्हणाले. "मी एकट्यानं बघून काय करू? त्याला बोलाव."

मी वर धावले. बाबांचे डोळे लाल झाले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या. त्यांनी विचारलं, "दिसलं का त्यांना?" मी म्हटलं, दिसून राहिलं आहे, पण नाना तुम्हाला बोलावतात. बाबांना वाटलं, नानांना काही झालं. पाइप सोडून ते दोन दोन पायऱ्या उतरत खाली आले. ते दारात पोचले तोवर पडद्यावर मुंग्या होत्या आणि घाट गेला होता. बाबा तसेच परत फिरले, पण नानांनी त्यांचं मनगट धरलं. मी नानांना बाबांचा हात धरताना कधी पाहिलं नव्हतं.

"बस," ते म्हणाले. आवाज कवायतीचा नव्हता. "शिकंजा मी झिजवला."

"आंधीनं तुटला, नाना."

"बस म्हणतो ना. मी सांगतो तुला."

आईने टीव्हीचा आवाज बंद केला. बाबा नानांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले. ओला पंचा डोक्यावर तसाच. आणि नाना सांगायला लागले. घाटाला सात पायऱ्या. उजव्या हाताला उंबर, त्याची मुळं पाण्यात गेलेली. तिसऱ्या पायरीवर नंदी, त्याचा एक कान तुटका. नदीपलीकडे ऊस. देवळामागून एक वाट वर जाते, ती आपल्या दारात. दाराला पितळी कडी, ती खालच्या बाजूला झिजलेली.

आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. सिनेमात उंबर नव्हता. नंदी नव्हता. दार तर नव्हतंच. आम्ही पाहिल्या होत्या ओल्या पायऱ्या, एक पाठमोरी बाई आणि शिखराचा तुकडा. नानांना त्यांच्या आजोबांनी हे सांगितलं असणार, त्यांना त्यांच्या आजोबांनी. मधल्या कोणीच काही पाहिलेलं नव्हतं, आणि तरी नाना एकदाही अडखळले नाहीत.

बाबांना ते कळत होतं की नाही, मला माहीत नाही. ते नकाशे काढणारे होते. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, साताऱ्याचं पत्र पालथं केलं आणि काढायला घेतलं. पायऱ्या, उंबर, नंदी, वाट. मधेच थांबून त्यांनी मान वर केली.

"नाना, घाटाचं तोंड कोणत्या दिशेला आहे?"

नानांनी डोळे मिटले. खसच्या टट्टीतून पाणी ठिबकत होतं.

"उत्तरेला," ते म्हणाले. "आपल्याकडे."

बाबांनी तसा बाण काढला.